गोलरक्षकाचा ताबा : केव्हा सुरू होतो आणि केव्हा संपतो?

(द्वितीय वर्ष, कला)

खेळ म्हटला की नियम आले आणि नियम आले की त्यांच्या अर्थावरून वादही आले. फुटबॉल या खेळात ऑफसाइडच्या खालोखाल जर कशावरून वाद होत असेल तर तो गोलरक्षकाच्या ताब्यावरून. "बॉल त्याच्या हातात होता" असे एक बाजू म्हणते, "नुसता हात लागला होता, धरला नव्हता" असे दुसरी बाजू म्हणते, आणि बिचारा पंच मध्ये सापडतो. या प्रश्नाचा नियमाच्या आधारे थोडा विचार करावा, या हेतूने हा लेख लिहिला आहे.

आपला आजरा तालुका दोन फुटबॉलवेड्या प्रदेशांच्या मध्ये वसला आहे. उत्तरेला कोल्हापूर. तेथे पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब अशा संघांचे सामने असले की शाहू स्टेडियमच्या पायऱ्या भरून जातात. दुसऱ्या बाजूला आंबोलीचा घाट उतरला की सावंतवाडी आणि पुढे गोवा. साळगावकर संघाचा आणि भारताचा गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर हा त्याच गोव्याचा. तो भारतीय संघाचा कर्णधार झाला, 1997 साली त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला आणि 2022 साली पद्मश्री मिळाली. अशा दोन प्रदेशांच्या मधल्या वाटेवर राहणाऱ्या आपल्या मुलांनी भात कापून झालेल्या शेतात दोन काठ्या रोवून फुटबॉल खेळावा, यात नवल नाही. नवल एवढेच, की आपण खेळ उचलला आणि नियम मात्र ऐकीव ठेवले.

'ताबा' या शब्दाचा घोटाळा

वादाचे निम्मे मूळ 'ताबा' या शब्दात आहे. शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मुलाला हा शब्द जमिनीवरून माहीत असतो. सातबाऱ्यावर नाव एकाचे आणि वहिवाट दुसऱ्याची, असे प्रकार आपण गावोगाव पाहतो. तेथे ताबा सिद्ध करायला वर्षे जातात. फुटबॉलमध्ये मात्र ताबा एका क्षणात ठरतो आणि तो ठरवणारा एकच असतो, तो म्हणजे पंच.

दुसरा घोटाळा आपल्या मातीतल्या खेळांमुळे होतो. कुस्तीत पकड बसली की खरी झुंज सुरू होते. ज्याला पकडले त्याने सुटायचे, ज्याने पकडले त्याने चीत करायचे. कबड्डीतही पकड झाल्यावर चढाई करणारा मध्यरेषेला हात लावण्यासाठी अखेरपर्यंत धडपडतो आणि ती धडपड नियमाला धरूनच असते. कोल्हापूरकडे तर फुटबॉलचे संघच तालमींच्या नावाने उभे राहिले. तेव्हा गोलरक्षकाने बॉल धरला की "सोडव, सोडव!" असा ओरडा प्रेक्षकांतून उठावा, हे आपल्या स्वभावाला धरून आहे. पण फुटबॉलचा नियम याच्या अगदी उलट आहे. गोलरक्षकाने हाताने बॉल ताब्यात घेतला की त्या बॉलसाठीची झुंज तेथेच संपते. तो बॉल सोडीपर्यंत प्रतिपक्षाच्या कोणाही खेळाडूला तो हिरावून घेण्याचा हक्क नाही. हे एक वाक्य नीट समजले की बाकीचा नियम आपोआप उलगडतो.

नियम काय सांगतो?

फुटबॉलच्या सतरा नियमांपैकी बाराव्या नियमात हा विषय येतो. त्याचा मराठीत आशय सांगायचा तर पुढील परिस्थितीत बॉल गोलरक्षकाच्या हाती, म्हणजे ताब्यात, आहे असे समजतात.

पहिली : बॉल दोन्ही हातांच्या मध्ये आहे. याविषयी कोणाचा वाद नसतो.

दुसरी : बॉल हात आणि दुसरा कोणताही पृष्ठभाग यांच्यामध्ये आहे. हा पृष्ठभाग म्हणजे जमीन असेल किंवा गोलरक्षकाचे स्वतःचे अंग असेल. जमिनीवर पडलेल्या बॉलवर गोलरक्षकाने एक हात ठेवून तो दाबून धरला तर ताबा पुरा झाला. छातीशी एका हाताने कवटाळला तरी पुरा झाला. दोन्ही हात हवेत किंवा पूर्ण तळवाच हवा, असे नियमात कोठेही म्हटलेले नाही.

तिसरी : गोलरक्षकाने हाताच्या किंवा बाहूच्या कोणत्याही भागाने बॉलला स्पर्श केला आहे. मात्र याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत. बॉल त्याच्या अंगावर आदळून उडाला असेल, किंवा गोलात जाणारा बॉल त्याने अडवला असेल, तर तेवढ्या स्पर्शाने ताबा होत नाही.

चौथी : बॉल पसरलेल्या उघड्या तळहातावर ठेवलेला आहे. बोटे मिटलेली नसली तरी हा ताबाच होय.

पाचवी : गोलरक्षक बॉल जमिनीवर आपटत आहे किंवा हवेत उडवत आहे. या वेळी बॉल क्षणभर हातापासून सुटलेला असतो, तरीही तो ताब्यातच धरतात.

ही पाचवी परिस्थिती पुष्कळांना पटत नाही. बॉल हवेत आहे, हाताला लागलेला नाही, मग ताबा कसला? परंतु उडवलेला बॉल पुन्हा हातात किंवा लाथेच्या टप्प्यात येईल, या अंदाजानेच तो उडवलेला असतो. पाणी काढताना कळशी विहिरीत खाली गेली तरी दोर आपल्या हातात असतो, तसेच हे आहे.

ताबा कोठे नाही?

नियमाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे, कारण गोलरक्षकही काही वेळा नसलेला हक्क सांगतात.

जोरदार फटका आला, गोलरक्षकाने झेप घेऊन तो तळव्याने परतवला आणि बॉल समोर पडला. येथे हात लागला, पण ताबा झाला नाही. बॉल खुला आहे. धावत आलेल्या फॉरवर्डने तो गोलात मारला तर गोल योग्य ठरतो. "माझा हात लागला होता" ही तक्रार येथे चालत नाही. याच कारणाने, असा परतवलेला बॉल गोलरक्षकाने पुन्हा हाताने उचलला तरी तो गुन्हा होत नाही. मात्र सावकाश आलेला बॉल मुद्दाम हाताने थोपटून खाली पाडला, तर तो ताबा घेऊन सोडलेला बॉल ठरतो. दुसऱ्या खेळाडूचा स्पर्श होण्यापूर्वी त्याने तो पुन्हा हाताळला तर प्रतिपक्षाला अप्रत्यक्ष फ्री किक मिळते.

बॉल पायाशी असताना गोलरक्षक इतर दहा जणांसारखाच एक खेळाडू असतो. बॉल जमिनीवर ठेवला की संरक्षण संपले. इंग्लंडमध्ये 1997 साली कॉव्हेन्ट्री आणि न्यूकॅसल यांच्या सामन्यात गोलरक्षक शे गिव्हन याने बॉल मारण्यासाठी खाली ठेवला. त्याच्या पाठीमागे, गोलरेषेपलीकडे, डिऑन डब्लिन हा प्रतिपक्षाचा खेळाडू होता. तो मागून आला, बॉल काढून घेतला आणि गोल केला. गिव्हनला वाईट वाटले असेल, पण गोल बरोबर होता.

पेनल्टी क्षेत्राबाहेर तर गोलरक्षकाला हात लावण्याचाच अधिकार नाही. हे क्षेत्र गोलरेषेपासून 16.5 मीटर पुढे जाते आणि त्याची रेषा त्या क्षेत्रातच मोडते. येथे पाय कोठे आहेत हे पाहायचे नसते, हाताळताना बॉल कोठे होता हे पाहायचे असते. आपल्याकडे शेतात आखलेली चुन्याची रेषा अर्ध्या तासात पुसली जाते आणि मग दोन्ही पक्षांना ती आपापल्या सोयीच्या ठिकाणी दिसू लागते, ही गोष्ट वेगळी!

आणखी एक गैरसमज असा की, बॉल हातात आहे म्हणजे गोल होणार नाही. बॉल दोन्ही हातांत घट्ट धरलेला असूनही तो गोलखांबांच्या मधून, आडव्या दांड्याखालून पूर्णपणे रेषेपलीकडे गेला तर गोल होतो. ताबा गोलरक्षकाचे प्रतिपक्षापासून रक्षण करतो, गोलरेषेपासून करीत नाही. अर्थात त्याला कोणी ढकलून आत नेले असेल तर गोल नाही, उलट गुन्हा.

हे संरक्षण कसे आले?

हे संरक्षण पहिल्यापासून एवढे पक्के नव्हते. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोलरक्षकाच्या हातात बॉल असताना त्याला खांद्याने धक्का देणे हे खेळाचाच भाग समजले जाई. 1958 सालच्या इंग्लंडमधील एफ. ए. कप अंतिम सामन्यात बोल्टनचा नॅट लॉफ्टहाउस याने मँचेस्टर युनायटेडचा गोलरक्षक हॅरी ग्रेग याला बॉलसकट गोलरेषेपलीकडे लोटले. पंचाने गोल दिला आणि बोल्टनने सामना 2-0 असा जिंकला. आजचा कोणताही पंच त्याला गोल म्हणणार नाही.

1971 साली बेलफास्ट येथे उत्तर आयर्लंड विरुद्ध इंग्लंड सामन्यात दुसरा मासलेवाईक प्रसंग घडला. इंग्लंडचा विख्यात गोलरक्षक गॉर्डन बँक्स याने लाथ मारण्यासाठी बॉल हातातून वर सोडला. तेवढ्यात जॉर्ज बेस्ट याने चपळाईने पाय घालून बॉल वर उडवला आणि डोक्याने गोलात घातला. प्रेक्षक खूश झाले, पण पंचाने गोल नाकारला. हवेत सोडलेला बॉलही ताब्यातला, या तत्त्वाचे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे.

उलट 1990 साली नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या गॅरी क्रॉस्बीने मँचेस्टर सिटीच्या अँडी डिबल याच्या उघड्या तळहातावर ठेवलेला बॉल मागून येऊन डोक्याने खाली पाडला आणि गोल केला. तो गोल दिला गेला व त्याच गोलने सामना निकाली निघाला. आजच्या नियमात उघड्या तळहाताचा स्पष्ट उल्लेख आहे, त्यामुळे आता तसा गोल मिळणार नाही. नियम असे एकेका प्रसंगातून स्पष्ट होत जातात, हे या तीन उदाहरणांवरून ध्यानात येईल.

हक्काबरोबर कर्तव्य

ज्याला कोणी हात लावू शकत नाही, त्याने बॉल हवा तेवढा वेळ धरून ठेवला तर खेळ कसा चालणार? म्हणून संरक्षणाबरोबर मर्यादा आली. पूर्वी गोलरक्षकाला बॉल घेऊन चार पावलेच चालता येत असे. 1992 साली स्वतःच्या खेळाडूने मुद्दाम पायाने दिलेला बॉल हाताने धरण्यास बंदी झाली. 2000 सालापासून पावलांची मोजणी गेली आणि सहा सेकंदांची मर्यादा आली. परंतु ही मर्यादा पंच क्वचितच पाळायला लावीत. कारण शिक्षा होती अप्रत्यक्ष फ्री किकची, आणि तीही गोलाच्या अगदी तोंडाशी. दहा-अकरा जणांची भिंत, ढकलाढकली आणि गोंधळ हे सारे ओढवून घेण्यापेक्षा दुर्लक्ष बरे, असे पंचांना वाटे.

शेवटी मार्च 2025 मध्ये, योगायोगाने त्याच बेलफास्टला, नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाची सभा भरली आणि नियम बदलला. आता गोलरक्षकाला आठ सेकंद मिळतात. शेवटची पाच सेकंदे पंच हात उंचावून बोटांनी मोजून दाखवतो. त्याहून अधिक वेळ बॉल धरला तर प्रतिपक्षाला कॉर्नर मिळतो. वेळ वाढवली आणि शिक्षा हलकी केली, यासाठी की ती प्रत्यक्षात देता यावी. न पाळला जाणारा कडक नियम असण्यापेक्षा पाळता येणारा सौम्य नियम बरा, हे शहाणपण यात दिसते.

येथे आपल्या मूळ प्रश्नाचे महत्त्व पुन्हा लक्षात येते. ताबा केव्हा सुरू झाला हे ठरल्याशिवाय आठ सेकंदे केव्हापासून मोजायची हे ठरत नाही. संरक्षण आणि घड्याळ दोन्ही एकाच क्षणी सुरू होतात. जो गोलरक्षक "माझ्या हातात होता, मला हात लावू नका" असे म्हणतो, त्याला "मग आता बॉल सोड" हेही ऐकावे लागते. मात्र बॉल सोडण्याच्या वेळी प्रतिपक्षाच्या खेळाडूने त्याच्या वाटेत उभे राहून अडथळा आणला, किंवा सुटत असलेल्या बॉलला लाथ घालण्याचा प्रयत्न केला, तर गुन्हा त्या खेळाडूचा ठरतो.

क्रिकेटशी तुलना

क्रिकेट आपल्यापैकी बहुतेकांना अधिक परिचयाचे आहे. तेथे झेल पुरा केव्हा होतो? क्षेत्ररक्षकाचा चेंडूवर आणि स्वतःच्या हालचालीवर पूर्ण ताबा असेल तेव्हा. 1999 च्या विश्वचषकात लीड्स येथे दक्षिण आफ्रिकेच्या हर्शेल गिब्जने ऑस्ट्रेलियाच्या स्टीव वॉचा झेल हातात घेतला आणि आनंदाने चेंडू वर फेकण्याच्या घाईत तो निसटला. झेल धरला गेला नाही, वॉने नाबाद 120 धावा केल्या आणि ऑस्ट्रेलियाने सामना जिंकला. म्हणजे क्रिकेटमध्ये ताबा कडक कसोटीने मोजतात, तर फुटबॉलमध्ये हात आणि जमीन यांच्यामध्ये बॉल सापडला की पुरे होते. असा फरक का? क्रिकेटमध्ये चेंडू धरणाऱ्याच्या हातावर कोणी लाथ मारायला येत नाही. फुटबॉलमध्ये येतो. गोलरक्षकाचे डोके आणि बोटे दुसऱ्याच्या बुटाच्या उंचीवर असतात, म्हणून त्याला संरक्षण लवकर द्यावे लागते. हा नियम मुळात माणसाच्या हाडांची काळजी घेणारा नियम आहे.

आपल्या मैदानावर

हे सारे इंग्लंड-आयर्लंडचे झाले. त्याचा आपल्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. गेल्या हिवाळ्यात दोन वाड्यांच्या मुलांचा सामना मी पाहत होतो. आमच्या बाजूच्या गोलरक्षकाने खाली पडून एका हाताने बॉल दाबून धरला. प्रतिपक्षाच्या मुलाने धावत येऊन लाथ मारली. बॉल गोलात गेला आणि गोलरक्षकाचे बोट मोडले. त्यानंतर अर्धा तास भांडण झाले ते बोटावरून नव्हे, गोल धरायचा की नाही यावरून! "एका हाताने धरलेला बॉल म्हणजे धरलेला नव्हे," असे ठासून सांगणारे दोन्ही बाजूंना होते. लाथ मारणारा मुलगा वाईट नव्हता. त्यालाही तसेच शिकवले गेले होते. बोट मोडलेल्या मुलाच्या घरच्या म्हशींच्या धारा पुढे दीड महिना त्याच्या आईला एकटीला काढाव्या लागल्या. नियमातली एक ओळ तेथे कोणाला ठाऊक असती तर एवढे झाले नसते.

ती ओळ ठाऊक का नव्हती? कारण नियमांचे पुस्तक इंग्रजीत आणि भांडण मराठीत. मी स्वतः शब्दकोश शेजारी ठेवून बारावा नियम वाचला तेव्हा तो समजायला दोन संध्याकाळी लागल्या. आमच्या घरात कॉलेजात आलेला मी पहिलाच. "एवढे इंग्रजी शिकून काय करणार?" असे वडील अधूनमधून विचारतात. मोठे उत्तर अजून माझ्यापाशी नाही. पण दोन संध्याकाळी खर्चून जे समजले ते आपल्या भाषेत चार मुलांना सांगता आले, तर शिकण्याचा तेवढा तरी उपयोग झाला असे मी समजेन.

यासाठी फार मोठा खर्च नको. गावोगावच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळांनी सामन्यापूर्वी दोन्ही संघांना एकत्र बसवून पाच मिनिटे द्यावीत. त्यात तीनच गोष्टी सांगाव्यात. बॉल हाताखाली, हातात किंवा तळव्यावर असेल तर त्याला पाय लावायचा नाही. अडवून उडालेला बॉल सर्वांचा. आणि धरलेला बॉल आठ सेकंदांत सोडायचा. आपल्या महाविद्यालयाच्या जिमखान्यानेही असे नियम मराठीत लिहून फलकावर लावावेत, अशी माझी नम्र सूचना आहे.

तात्पर्य, गोलरक्षकाचा ताबा त्याच्या मुठीच्या जोरावर ठरत नाही, तो नियमाने ठरतो. कुस्तीच्या आखाड्यात पकड सोडवणे हा पराक्रम आहे. फुटबॉलच्या मैदानावर बॉल धरलेला पाहून आपली धाव आवरणे आणि दोन पावले मागे सरणे, यालाच खेळाडूपण म्हणतात. हा फरक आपल्या मुलांना जितक्या लवकर कळेल तितकी बोटे शाबूत राहतील आणि सामनेही पुरे होतील.